पोपटाचं पिल्लू घरी आणताय? आधी कायदा बघा, मग पिंजरा

भोपाळ : शाहपुरा परिसरात संध्याकाळी झाडांवर पोपटांचा कलकलाट सुरू झाला की घरातली पोरं 'आपल्याकडे पण मिठू आणू या' म्हणून मागे लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर हा हट्ट पुरवणंही सोपं वाटतं, कारण हाच पोपटांच्या विणीचा काळ असतो आणि ढोलीतून काढलेली पिल्लं चोरून विकली जातात. पण हिरवं पिल्लू पिशवीतून घरी आणणं म्हणजे थेट गुन्हा आहे. मध्य प्रदेश असो की महाराष्ट्र, नियम एकच.

कोणता पोपट पाळता येत नाही?

गळ्याला गुलाबी कडं असलेला नेहमीचा राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळट-लाल डोक्याचा टोई पोपट हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडाची रक्कमही वाढली आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'आजोबांच्या काळापासून घरात मिठू आहे' हे कारण कायद्यापुढे चालत नाही.

पिल्लू झाडाखाली पडलेलं सापडलं तर? अंगावर पिसं आली असतील आणि जखम नसेल, तर ते उडायला शिकत असण्याची शक्यता जास्त. मांजर-कुत्र्यापासून वाचवून जवळच्या फांदीवर ठेवावं आणि लांबून बघावं, आई-बाप येतात. पिल्लू उघडं किंवा जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात कापड घालून ऊब द्यावी आणि वन विभागाला कळवावं. सापडलेला वन्यप्राणी 48 तासांत कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. भोपाळमध्ये वन विहारकडे जखमी वन्यजीवांची सोय आहे. महाराष्ट्रात 1926 हा वन विभागाचा क्रमांक आहे.

मग काय पाळता येतं?

बजरीगर (आपल्याकडे दुकानदार यालाच सर्रास 'लव्ह बर्ड' म्हणतात), कॉकाटील आणि पीच-फेस लव्हबर्ड हे विदेशी पक्षी नोंदणीशिवाय पाळता येतात. सन कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाव यांची मात्र 2024 च्या नियमांनुसार 'परिवेश 2.0' पोर्टलवर नोंदणी लागते. पक्षी आणल्यापासून 30 दिवसांत ती करायची असते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर व्यवहार तिथेच सोडावा.

किती वयाचं पिल्लू आणावं?

स्वतः दाणे सोलून खाणारंच आणावं. 'लहान असतानाच आणा, हाताने भरवलं की लळा लागतो' असं दुकानदार सांगतो, पण इथेच बरीच पिल्लं दगावतात. खीर गार असली तर ती गळ्याखालच्या पिशवीत तशीच साचून आंबते, जास्त गरम असली तर पिशवी आतून भाजते आणि चुकून श्वासनलिकेत गेली तर पिल्लू गुदमरतं. बजरीगर साधारण सहा-सात आठवड्यांत, कॉकाटील आठ ते दहा आठवड्यांत स्वतः खाऊ लागतो. लळा त्यानंतरही लागतो.

पहिला आठवडा

पिंजरा पिल्लू येण्याआधीच लावून ठेवावा. उंच-गोल नको, आडवा लांब हवा. बजरीगरसाठी गजांमधलं अंतर एक ते सव्वा सेंटीमीटर. बसायला गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरू किंवा कडुलिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या द्याव्यात. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला, उंची डोळ्यांच्या पातळीला. भोपाळच्या थंडीत खिडकीजवळ आणि मे महिन्यात कूलरच्या झोतासमोर ठेवू नये.

पहिले दोन-तीन दिवस हात आत घालू नये. जवळ बसून हळू आवाजात बोलावं. चौथ्या दिवसापासून गजांमधून राळ्याचं कणीस धरावं, मग हातावर दाणे. पकडून, फडक्यात गुंडाळून 'सवय' लावली तर पिल्लू हाताला कायमचं घाबरतं. झोप रोज दहा-बारा तास लागते, त्यामुळे रात्री टीव्हीच्या खोलीत ठेवू नये.

आधीच्या दुकानात जे खात होतं तेच पहिला आठवडा द्यावं. पुढे राळा-बाजरीसोबत मोड आलेले मूग, गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला हळूहळू वाढवावा. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व कमी पडतं. मिरची चालते, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा आणि खारे पदार्थ मात्र अजिबात नकोत.

घरातले छुपे धोके

● नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. पिंजरा स्वयंपाकघरात नकोच.
● अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल त्याच खोलीत लावू नये.
● बाहेर सोडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड.
● जस्ताचा मुलामा दिलेली जाळी चावल्यास विषबाधा होते.
● वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. ट्रे ओल्या कापडाने पुसावा, हात धुवावेत. गरोदर बाईने हे काम करू नये.

डॉक्टरकडे कधी?

पक्षी आजार लपवतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन घेऊन वहीत लिहावं. बजरीगर साधारण 30 ते 40 ग्रॅमचा असतो, त्यात तीन-चार ग्रॅमची घटसुद्धा मोठी. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपूट हलणं, खाणं बंद होणं यातलं एकही लक्षण दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. सगळेच पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत, त्यामुळे पक्ष्यांचा डॉक्टर पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवावा. आणि कॉकाटील नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो, हा हिशोब पोरांच्या हट्टाला 'हो' म्हणण्याआधीच करावा.