मल्लाची कंबर

जुन्नर तालुक्यांत कुकडीच्या खोऱ्यांतील येडगांव, नारायणगांव या बाजूला गांवची जत्रा म्हटली कीं कुस्त्या आल्याच. हलगी कडाडूं लागते, माती उकरली जाते, आणि लंगोट कसलेले गडी एकेक करून आखाड्यांत उतरतात. भोंवतीं बसलेल्या लोकांची दृष्टि त्यांच्या दंडांवर आणि छातीवर असते. वस्तादाची दृष्टि मात्र कंबरेवर. ढाकेचा डाव मारतांना गड्याचें सारें अंग पिळवटून निघतें. त्या क्षणीं कंबर ढिली पडली, तर दंडांतील बळ जागच्या जागीं राहतें. शिवाय या गड्याला उद्यां सकाळीं शेतावर जावयाचें असतें. एकदां कंबर धरली, कीं आखाडा सुटतो आणि शेताचें कामही सुटतें.

मराठी भाषेला ही गोष्ट फार पूर्वीं उमगली असावी. उद्योगाला लागणारा माणूस कंबर कसतो, आणि संकटानें ज्याचा कणा खचला त्याचें कंबरडें मोडतें. तेथें दंडाचें किंवा मांडीचें नांव निघत नाहीं.

ही कंबर घडविण्याचें महाराष्ट्रांतील फार विचारपूर्वक योजिलेलें साधन म्हणजे मल्लखांब. नांवांतच मल्ल आहे, हें आज पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. त्यानंतर कित्येक शतकें या विद्येचा माग फारसा लागत नाहीं, आणि ती पुनः ठळकपणें दिसते ती दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यांत.

बाजीराव १७९६ सालीं गादीवर आला. त्याच्या कारकीर्दींत निजामाच्या राज्यांतून अली आणि गुलाब नांवाचे दोन धिप्पाड पैलवान पुण्यास आले व त्यांनीं दरबारच्या मल्लांना आव्हान दिलें, अशी हकीगत सांगतात. कोणी पुढें होईना, तेव्हां बाळंभटदादा देवधर या तरुण ब्राह्मणानें मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीपाशीं जाऊन तपश्चर्या केली, आणि परत येऊन अलीला चीत केलें; गुलाब लढण्यास उभाच राहिला नाहीं. मल्लखांबाची युक्ति त्यांना मारुतीच्या कृपेनें सुचली असें परंपरा म्हणते. दैवी भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला, तरी विचार करण्याजोगी एक गोष्ट उरते. धिप्पाड गड्याशीं गांठ पडणार हें ठरल्यावर बाळंभटांनीं आपलें वजन वाढविण्याची खटपट केली नाहीं. त्यांनीं खांब धरला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला, आणि ही विद्या शिष्यपरंपरेनें काशीपर्यंत पोंचली.

खांब सागाचा किंवा शिसवाचा, खालीं जाड व वर निमुळता, माथ्यावर मान आणि बोंड असलेला. त्याला एरंडेल चोपडतात, म्हणजे कातडी सोलवटत नाहीं. अढी मारतांना मुलगा हातांनीं खांब धरून पाय डोक्याच्या वर नेतो व मांड्यांनीं खांब पकडतो. पाहणाऱ्याला हें हातांचें काम वाटतें, पण पाय वर जातात ते पोटाच्या बळावर. फराऱ्यांत तर सगळा देह निशाणासारखा आडवा धरावा लागतो. पोटाचा एक पदर सैल पडला, कीं पाय खालीं आलेच. खांबावर लबाडी चालत नाहीं.

आणि खरा लाभ याच्याही पलीकडे आहे. कुस्तींत समोरचा गडी केव्हां आणि किती जोरानें पिळील, हें आपल्या हातीं नसतें. खांब स्थिर असतो. पीळ किती घ्यावयाचा हें शिकणारा स्वतः ठरवितो. जो पीळ अवचित आला असतां स्नायु दुखावला असता, तो येथें थोडाथोडा करून अंगवळणीं पडतो.

याच पुणें जिल्ह्यांत, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें, आणि उड्डियान व नौलि करतांना पोटांत काय घडतें तें क्ष-किरणांनीं व दाबमापकांनीं तपासलें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायामप्रकार दाखविले. जगाच्या शास्त्रज्ञांचें लक्ष कंबरेच्या आंतल्या स्नायूंकडे वळावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

१९९२ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग विलक्षण आहे. मृत शरीरांतील कण्याचा कंबरेचा भाग, स्नायु काढून, नुसत्या हाडांनिशीं व बंधांनिशीं यंत्रांत उभा केला, तेव्हां सुमारें ९ किलो भारालाच तो लचकला. जिवंत मल्ल त्याच कण्यावर दुसऱ्या मल्लाला उचलून फेंकतो! १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांतील हॉजेस व रिचर्डसन यांनीं दाखविलें, कीं माणूस हात हालविण्याच्या आधींच त्याच्या पोटाचा सर्वांत आंतला, पट्ट्यासारखा आडवा स्नायु आवळला जातो. जुन्या कंबरदुखीच्या रोग्यांत हें आवळणें उशिरा होतें. हा उशीर दुखण्याचें कारण कीं परिणाम, याचा निवाडा तेवढ्यानें होत नाहीं. २००८ सालीं नॉर्वेंतील १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवरील मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. ज्यांनीं खेळापूर्वीं ठराविक व्यायाम केला, त्यांच्या दुखापती सुमारें एक-तृतीयांशानें कमी भरल्या. त्या व्यायामांत कोपरांवर तोलून देह सरळ धरणें होतें, तसेंच धांवणें, तोल सांभाळणें आणि उडी मारून नीट उतरणेंही होतें. सगळें श्रेय एकट्या कंबरेला देणें रास्त होणार नाहीं.

तालमींनींही चुका केल्या. हजार जोर, दोन हजार बैठका, असा आंकडा सांगण्यांतच मोठेपणा मानला गेला. थकलेल्या अंगानें काढलेल्या शेवटच्या पांचशे बैठकांत पाठ वांकते, गुडघा आंत वळतो, आणि ज्या व्यायामानें शरीर राखावयाचें त्यानेंच तें झिजतें. खांबावर असें मोजतां येत नाहीं. दमलेला मुलगा घसरून खालीं येतो व तालीम तेथेंच थांबते. मातीही मऊ असल्यामुळें पुष्कळ पोटांत घालते. ढाकेबद्दल नांवाजलेले गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनला मॅटवर लढून सहावे आले, आणि १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. तेव्हांपासून मोठी कुस्ती मॅटवरची, हें खेड्यांतल्या गड्यालाही कळून चुकलें.

खांब मात्र कुस्तीपासून दुरावत गेला. २०१९ सालीं मुंबईंत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि पुढें ‘खेलो इंडिया’ स्पर्धांतही त्याला स्थान मिळालें. तो आतां स्वतंत्र खेळ झाला आहे. कुस्तीगीर त्याच्याकडे क्वचितच फिरकतो. वास्तविक लहान गांवच्या तालमीला मॅटचा खर्च झेपत नाहीं, तेथें खांब सहज झेपतो. त्याला सागाचें एक लाकूड, वाटीभर एरंडेल आणि खालीं मऊ माती लागते. आणि अढी कोठें चुकली हें सांगणारा एक जाणता माणूस.