रहाटपाळणा, घसरगाडी आणि भिणारा माणूस

मंडळी, इतिहासाचे व्याख्यान म्हणून आपण येथे जमलात, तेव्हा लढाया, सनदा, निदान एखादा शिलालेख तरी ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. आज मी बोलणार आहे तो जत्रेतल्या पाळण्यांविषयी आणि त्यातही पाळण्यात बसायला भिणाऱ्या माणसाविषयी. राजांनी किल्ले बांधले त्याची नोंद आपण ठेवतो, पण सामान्य माणूस सणाच्या दिवशी दोन पैसे खर्च करून कशात बसला, का बसला आणि बसताना त्याच्या पोटात काय झाले, याला इतिहासाच्या पुस्तकात जागा नसते. ती आज थोडी करून पाहू.

येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. चैत्र पौर्णिमेनंतर पालखी आमराईकडे निघते, लाखो माणसे वाटेवरच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. आणि दर्शन उरकले, नारळ फुटला, पोराबाळांच्या हाती पिपाण्या आल्या, की सगळ्यांची पावले वळतात ती पाळण्यांकडे. तेथे आकाशपाळण्याच्या पायथ्याशी दर वर्षी एक प्रसंग घडतो. घरातल्या चौघांनी तिकिटे काढलेली असतात, पाचवे माणूस मागे सरत असते. कधी ती नवी सून असते, कधी म्हातारी, कधी आठ वर्षांचा मुलगा. मग चौघे मिळून त्याला ओढतात. "चल गं, काय हुत नाय!" हे या प्रसंगातले ठरलेले वाक्य.

हे वाक्य माझ्याही वाट्याला आले आहे. साठाच्या दशकातली गोष्ट. धाराशिवच्या उरुसात चार पेट्यांचा एक लाकडी रहाटपाळणा येत असे. त्याला ना इंजिन, ना वीज. दोन गडी आरे धरून तो हाताने फिरवीत. एका वडीलधाऱ्या नातलगाने मला उचलून पेटीत बसवले आणि तेच वाक्य म्हटले. आमची पेटी वर गेली तेव्हा खालच्या पेटीत माणसे बसवायची म्हणून पाळणा थांबला, आणि मी आकाशात लोंबकळत राहिलो. त्या पाळण्याची उंची आज मोजली तर एका मजल्याहून फार नसावी. झाले काहीच नाही, हे खरेच. पण पुढे कित्येक वर्षे कोणतेही वडीलधारे माणूस 'काही होत नाही' असे म्हणाले की माझा त्याच्यावर विश्वास बसेना.

भीती आणि धोका या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि करमणुकीचा सारा इतिहास त्या दोहोंमधल्या अंतरावर उभा आहे. याचे आपल्या जिल्ह्यातले उदाहरण फार जुने आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला, तो सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते. बांध हादरतो की काय असा आवाज होतो, आणि महालाच्या गवाक्षात बसलेला माणूस ते सारे हातभर अंतरावरून पाहतो. बांधाचा मुख्य हेतू पाणी अडवण्याचा, किल्ल्याला बळ देण्याचा. पण त्यात बसण्यासाठी महाल का काढला? कोसळणाऱ्या पाण्याच्या इतके जवळ जावे आणि जिवाला अपाय होऊ नये, या सुखासाठीच. ज्याला पुढे जायचे असेल त्याने गवाक्षाशी जावे, ज्याला धास्ती वाटेल त्याने मागच्या भिंतीला टेकून बसावे, एवढी सोय त्या खोलीत आपोआपच झाली आहे.

आता पाळण्याकडे येऊ. 'रहाटपाळणा' हा शब्दच त्याचे कूळ सांगतो. विहिरीवरच्या रहाटाला गाडग्यांच्या जागी पाळणे टांगले, की झाला रहाटपाळणा. आपल्या मराठवाड्यात विहिरीवर मोटच अधिक, रहाट पाहायचा तो कोकणात. पण जत्रेत मात्र रहाट आपल्याकडेही पोचला. हे आपलेच डोके होते असे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६२० साली कॉन्स्टँटिनोपलहून परतीच्या वाटेवर होता. आजच्या बल्गेरियातल्या, तेव्हा तुर्की अमलाखाली असलेल्या प्लोवदिव्ह या गावी त्याने सणाच्या दिवसांत झोके आणि माणसांना बसवून उभे फिरणारे चाक पाहिले आणि आपल्या वहीत टिपून ठेवले. हाच मंडी १६२८ मध्ये कंपनीचा नोकर म्हणून सुरतेस उतरला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीच माणसे गरगर फिरत होती.

या चाकाला अजस्र रूप दिले ते शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात फेरिस या अभियंत्याने. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसे. डबे म्हणजे आगगाडीचेच म्हणावेत असे. आणि २००० साली लंडनला जे चाक सुरू झाले त्याची उंची १३५ मीटर. आता गंमत पाहा. लंडनच्या त्या चाकाला एका फेरीस अर्धा तास लागतो. ते इतके सावकाश फिरते की माणसे ते न थांबवताच आत चढतात. जत्रेतला पाळणा त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढाही उंच नसेल, पण मिनिटात कितीतरी फेऱ्या घेतो, आणि खाली येताना बूड अधांतरी होऊन पोटात जो गोळा उठतो तो लंडनला उठत नाही. भित्र्या माणसाला उंचीवरून तोलणे म्हणूनच चुकीचे. काहींना उंची भिववते, काहींना पडण्याची जाणीव, काहींना उलटे होणे, काहींना अंधार. आणि पुष्कळांना, माझ्यासारख्यांना, 'आता उतरता येणार नाही' ही एकच गोष्ट.

या शेवटच्या भीतीचे पक्के घर म्हणजे घसरगाडी, जिला आज सारे रोलर कोस्टर म्हणतात. तिचा जन्म रशियाच्या बर्फात झाला. सतराव्या शतकापासून तेथे लाकडी चौकटीवर पाणी ओतून बर्फाचे उतार करीत आणि लोक त्यावरून घसरत. कॅथरीन सम्राज्ञीला उन्हाळ्यातही हे सुख हवे होते. तिच्यासाठी पीटर्सबर्गजवळ ओरानियनबाउमला चाकांच्या गाड्यांचा उतार बांधण्यात आला. त्याचा मंडप आजही उभा आहे. तेथून ही कल्पना फ्रान्सला गेली. १८१७ साली पॅरिसमध्ये असे उतार झाले, आणि त्यात गाडीची चाके रुळाला धरून राहतील अशी योजना होती. फ्रेंच लोक या खेळाला 'रशियन डोंगर' म्हणतात. आणि रशियन? ते म्हणतात 'अमेरिकन डोंगर'. भीतीचे श्रेय कोणीच आपल्याकडे घ्यायला तयार नाही!

अमेरिकेत ही गाडी १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला आली. थॉम्पसन नावाचा गृहस्थ तिचा कर्ता. दारूचे गुत्ते सोडून माणसांनी कुठेतरी निर्मळ करमणूक करावी, असा त्याचा हेतू होता असे सांगतात. तिकीट पाच सेंट. वेग ताशी सुमारे सहा मैल, म्हणजे टांग्याच्या घोड्याच्या दुडक्या चालीएवढा. एका टोकाला पोचल्यावर माणसे उतरत, नोकर गाडी ढकलून पुन्हा वर चढवीत, आणि मग परतीचा प्रवास. बायाबापड्या आडव्या बाकावर बसून आजूबाजूचा देखावा पाहत जात. तेव्हा सौम्य घसरगाडी ही भित्र्यांसाठी मागाहून काढलेली सवलत नव्हे. चालीची सुरुवातच तिथून झाली. ज्याला ती पुरते त्याने कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पुढे चढाओढ लागली. १८९५ मध्ये त्याच कोनी आयलंडवर पूर्ण वर्तुळात उलटी फिरणारी गाडी निघाली. अगदी गोल वर्तुळ, त्यामुळे गाडी वेगाने त्यात शिरताच शरीरावर एकदम जबरदस्त भार पडे. तो वजनाच्या बारापट असावा असा अंदाज आहे. माणसांच्या माना दुखावल्या, आणि काही वर्षांतच ती बंद झाली. १९०१ मध्ये तेथेच लंबवर्तुळाची सुधारलेली गाडी आली. ती सुसह्य होती, तरी बसणाऱ्यांपेक्षा पाहणारेच फार जमत, आणि मालक नुसते पाहण्याचेही पैसे घेई. मला हे प्रेक्षक फार आवडतात. उलटी गाडी सुखाने फिरू लागली ती थेट १९७६ साली, कॅलिफोर्नियात, जेव्हा श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने वर्तुळ सोडून पाण्याच्या थेंबासारखा, खाली रुंद आणि वर निमुळता वळसा आखला.

पण भित्र्या माणसाच्या दृष्टीने थोर पुरुष तो नव्हे. तो मान मी जॉन मिलर या अमेरिकन कारागिराला देईन. त्याने १९१९ मध्ये गाडीच्या चाकांची अशी रचना मान्य करून घेतली की एक चाक रुळावर चालते आणि दुसरे रुळाच्या खालून त्याला धरून ठेवते. बाजूने धरणारे तिसरे चाक असतेच. गाडी रुळावरून उडणे जवळजवळ अशक्य झाले. त्याआधी चढावर साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून लोखंडी खिट्टीची युक्तीही वापरात आली होती. गाडी वर चढताना जो टक्-टक्-टक् आवाज येतो तो त्या खिट्टीचा. पंजाबात विहिरीवरच्या रहाटाला अशीच खिट्टी असते, तिला तेथे 'कुत्ता' म्हणतात. घसरगाडीत बसलेल्या भित्र्याचे हातपाय ज्या आवाजाने गळतात तो नेमका त्याला राखणारा आवाज आहे, हे त्याला आधी कोणी सांगत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याची भीती वाटत नाही ते निर्धोक असते असे नाही. जत्रेतल्या संथ चक्रीत पदर, ओढणी किंवा मोकळा केस अडकला तर काय अनर्थ होतो हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तेथे आधी पाहावे ते हे, की पेटीची आडवी कांब खिळीने पक्की लागते का, खालची फळी डगमगते का, पाळणेवाला समोरासमोर सारखी माणसे बसवून तोल राखतो का, आणि ओरडल्यावर थांबवतो का. हा शेवटचा गुण जत्रेच्या पाळणेवाल्यात पुष्कळदा असतो. बाई घाबरली की तो तिची पेटी खाली आणून उतरवतो. साखळीवर चढलेल्या घसरगाडीला ही दया ठाऊक नाही. तेथे नाही म्हणायचे ते खालीच म्हटले पाहिजे, आणि ते म्हणू दिले पाहिजे.

आता आपल्या भागातली मंडळी सहलीला पुण्यापलीकडे खोपोलीपर्यंत जाऊ लागली आहेत. तेथे २०१३ पासून इमॅजिका नावाचे उद्यान आहे. त्यात नायट्रो नावाची घसरगाडी सुमारे ४० मीटर उंच, ताशी १०५ किलोमीटर वेगाची आणि माणसाला पाच वेळा उलटी करणारी. त्याच आवारात सोन्याच्या खाणीचा देखावा केलेली गोल्ड रश एक्सप्रेसही आहे. ती उलटी होत नाही आणि मानाने सौम्य आहे. बरोबर कोणी धास्तावलेले माणूस असेल तर ही दुसरी. त्यातही मधल्या डब्यात बसवावे. शेवटचा डबा माथा ओलांडतो तेव्हा पुढचे डबे त्याला खाली ओढत असतात, म्हणून झटका त्यालाच अधिक. आणि पहिल्या डब्यातून समोरचा उतार उघडा दिसतो. हृदयाचे दुखणे, मानेचे वा पाठीचे दुखणे, गर्भारपण असेल तर प्रश्नच नाही, बसू नये. मुलांची उंची मोजून आत सोडतात, तेथे पायाची बोटे उंचावणाऱ्या बापाला आवरावे.

आमच्या घरची मंडळी तेथे गेली तेव्हा निवड नातीने केली. तिने आधी आजीला कठड्याशी उभे करून दोन फेऱ्या पाहू दिल्या. मग म्हणाली, "आजी, ही उलटी होत नाही, थोड्या वेळात संपते, पण मधेच उतरता येत नाही. बसायचं का नाही ते तूच सांग." आजीने बराच वेळ विचार केला, पदर खोचला आणि रांगेत उभी राहिली. खाली आल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला होता. घोटभर पाणी पिऊन ती म्हणाली, "त्या टक्-टक् आवाजानं जीव गेला." तो आवाज कशाचा, हे मी तिला तेव्हा सांगितले. आधीच सांगायला हवे होते. "मग पुन्हा एकदा ऐकून येते," म्हणून ती नातीचा हात धरून परत रांगेकडे गेली.

मी खाली बाकावर तिघांच्या पिशव्या सांभाळत होतो. दोन्ही वेळा मला कोणी 'चला' म्हटले नाही, याबद्दल मी त्या दोघींचा ऋणी आहे.