रॅम्पार्ट रोचे छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये हरिश्चंद्र चिंतामण यांची गणना होते. परंतु छायाचित्रकलेच्या इतिहासापेक्षा थिऑसॉफिकल सोसायटीच्या आठवणींमध्येच त्यांचे नाव अधिक ठळकपणे येते, आणि तेही पैशांच्या एका वादामुळे. इंग्रजी कागदपत्रांत हे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले गेल्याने त्यांच्या कारकिर्दीचे धागे विखुरलेले राहिले.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील अग्रगण्य भारतीय छायाचित्रकार होते. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र हे या वर्गाचे विद्यार्थी. युरोपियनांच्या हाती असलेली ही विद्या येथील तरुणांना रीतसर शिकता आली, ती अशा वर्गामुळे.

पुढे त्यांनी फोर्टातील रॅम्पार्ट रोवर, म्हणजे आजच्या के. दुभाष मार्गावर, स्टुडिओ थाटला. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत आणि ओली असतानाच छायाचित्र घेत. काच वाळण्यापूर्वी रासायनिक प्रक्रिया पुरी करावी लागे. मुंबईच्या उकाड्यात हे कौशल्याचेच काम होते. डिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या 'कार्त द व्हिझित' या प्रकाराने व्यक्तिचित्रे स्वस्त झाली. सुमारे अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे छायाचित्र आप्तेष्टांना देता येई, अल्बममध्ये ठेवता येई. तैलचित्र काढून घेणे ज्यांना परवडत नसे, त्यांचाही चेहरा त्यामुळे पुढील पिढ्यांसाठी राहिला. हरिश्चंद्रांची छायाचित्रे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनातही मांडली गेली होती.

यानंतर त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. १८७४ मध्ये लंडनच्या ट्रुब्नर कंपनीने त्यांचे भगवद्गीतेवरील इंग्रजी भाष्य प्रसिद्ध केले. त्यावर लेखकाचा उल्लेख बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे राजकीय प्रतिनिधी असा आहे. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी मल्हाररावांना पदच्युत केले.

१८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या आर्य समाजाचे ते अध्यक्ष झाले आणि या नात्याने न्यूयॉर्कच्या थिऑसॉफिकल सोसायटीशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये कर्नल ऑल्कट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरल्या, तेव्हा गिरगावात त्यांची व्यवस्था हरिश्चंद्रांनीच केली. मात्र ऑल्कट यांच्या आठवणींनुसार, पाहुणचार समजलेल्या या व्यवस्थेचे भले मोठे बिल थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढे आले. आर्य समाजासाठी पाठविलेले सहाशेहून अधिक रुपयेही समाजापर्यंत पोहोचले नव्हते. ही रक्कम परत करण्याचे हरिश्चंद्रांनी कबूल केले. परंतु समाजातील त्यांचे स्थान गेले.

ही हकीकत सांगणारे ऑल्कट स्वतः वादातील एक पक्ष होते, हे ती वाचताना विसरता येत नाही. आरोप गंभीर आहे आणि तो पुसून टाकण्याचे कारण नाही. पण त्या एका प्रकरणावरून संपूर्ण कारकीर्द मोजली, तर मुंबईतील भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासाचे पहिले पानच गळून पडते. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या भारतीयांइतकेच कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले भारतीयही त्या इतिहासाचे मानकरी आहेत.