घर कुणाच्या नावावर?

भाकरी टोपल्यात झाकून, लेकरं निजवून घटकाभर बसला असाल, तर आज आम्ही तुम्हाला घराची गोष्ट सांगणार आहोत. तुमच्या-आमच्या जालना जिल्ह्यातल्या घराची, आणि त्या घराच्या कागदाची.

आमच्या गटात एक सून आहे. नाव सांगत नाही, पण तिची परवानगी घेतली आहे. आषाढात तिला तिसरा महिना लागला. सासरी दोन खणांचं घर आणि माणसं सात. नवरा-बायको दोघं दरसाल कोयत्यावर जाणारी. यंदाही मुकादम उचल घेऊन दारात आला. दिवस मोजले तर बाळंतपण पौषात, म्हणजे ऐन हंगामात, उसाच्या फडाशेजारी कोपीत. पोरीनं नवऱ्याला सांगितलं, "मी कोपीत बाळंत होणार नाही. आपलं स्वतःचं दार पाहिजे." उचल परत गेली. आणि ती आमच्या बैठकीत येऊन म्हणाली, "ताई, पाच महिने हातात आहेत. घर कसं घ्यायचं ते सांगा."

आम्ही सगळ्या एकमेकींकडं पाहत राहिलो. वीस-वीस वर्षं संसार केलेल्या बाया, पण घर घ्यायचं कसं हे एकीलाही ठाऊक नव्हतं. कारण आमच्यातल्या कुणीच घर घेतलेलं नव्हतं. आम्ही घरात आलो होतो, एवढंच. असं का झालं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

आपल्याकडं गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडाचं माळवद, त्यावर पुन्हा मातीचा थर. पावसाळ्याच्या आधी माळवदावर माती टाकायची, भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची. यातलं निम्म्याहून जास्त काम बाईचं. म्हणजे घर दरसाल नवं करायची ती बाई, आणि घर ओळखलं जायचं आजोबा-पणजोबाच्या नावानं.

त्या काळी आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि जालना औरंगाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९५० साली हैदराबादचा कुळकायदा झाला आणि कसणाऱ्या कुळांना संरक्षण मिळालं. फार मोठी गोष्ट झाली ती. पण खुरपणारी, वेचणारी, निंदणारी बाई असली तरी कूळ म्हणून नाव लागलं ते बहुतेक ठिकाणी बाप्याचंच. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९८१ ला आपला जालना जिल्हा वेगळा झाला, औरंगाबादचे तालुके आणि परभणीतलं परतूर मिळून. राज्यं बदलली, जिल्हे बदलले, पण दप्तरातलं घराचं नाव बापाकडून लेकाकडंच जात राहिलं.

लेकीला काय मिळालं? पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, माहेरी न्यायचं, बाज, शेगडी, शेक, डिंकाचे लाडू, सव्वा महिना माया. माया खरी, त्यात खोट नाही. पण माहेरी ती परक्याचं धन आणि सासरी बाहेरून आलेली. ज्या दोन घरांत तिचं आयुष्य जातं, त्यातल्या एकाच्याही उताऱ्यावर ती नाही. माहेर गरीब असेल, आई-बाप नसतील, तर बाळंतपणाला जागा कोणती, हा प्रश्न जुनाच आहे. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८६३ साली आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पोटुशी विधवांनी तिथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं. तिथंच बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी पुढं दत्तक घेतला, तोच यशवंत. सावित्रीबाईंनी शाळा काढली हे आपण दर ३ जानेवारीला म्हणतो. त्यांनी बाळंतिणीला दारही उघडून दिलं, हेही म्हणायला पाहिजे.

आता कायद्याकडं वळू. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बाईच्या मालकीची वस्तू पूर्ण तिचीच, असं ठरवलं. पण वडिलोपार्जित मिळकतीत लेक जन्मानं हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्रानं १९९४ साली लेकीला तो हक्क दिला, देशानं २००५ साली दिला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ ला बाप जिवंत असो वा नसो, लेकीचा हक्क जन्मानंच आहे. आमच्या मुसलमान मैत्रिणींना त्यांच्या धर्मकायद्यात हिस्सा आधीपासून आहे. पण खरं सांगा, भावाचं तोंड तुटेल म्हणून हक्कसोड लिहून देणाऱ्या दोन्हीकडं सारख्याच.

कायद्याच्या आधी काही माणसं पुढं गेली, तेही सांगू. शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावावर जमीन करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव. आणि गावोगावच्या पुरुषांनी ते केलं! कुणी सक्ती केली नव्हती. पुढं १९९२ साली सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय केली. २००३ साली ग्रामविकास विभागानं 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायला सांगितलं. आम्ही गटात विचारलं, कुणाच्या नमुना आठवर दोन नावं आहेत? अकरा जणींपैकी दोघींचे हात वर आले. निर्णय होऊन वीस वर्षं लोटली, आणि हात दोन.

सरकारी घरकुलाचाही इतिहास आहे. १९८५-८६ ला इंदिरा आवास योजना सुरू झाली. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर द्यावं, असं तिच्या नियमातच होतं. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणनं घेतली. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचं घर, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार. पैसे टप्प्यानं येतात, बांधकाम जसं वर चढेल तसे. जागाच नसेल तर जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, आदिवासींना शबरी घरकुल आहे.

पण आमच्या सुनेचं नाव यादीत नव्हतं. कुटुंब सासऱ्याच्या नावावर मोजलेलं. यादीची वाट पाहायची तर पौष काही थांबणार नव्हता. म्हणून विकत घ्यायचं ठरलं. गावातलं एक कुटुंब शहरात गेलेलं, त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं जुनं घर पडून होतं. सौदा दीड लाखावर आला.

इथं आमची जुनी चूक सांगितली पाहिजे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याच गटातल्या एकीनं शंभराच्या बाँडवर जागा घेतली होती. नोटरीचा शिक्का होता, दोन साक्षीदार होते, फोटोही चिकटवला होता. आम्हीच तिला गटातून चाळीस हजार दिले आणि पेढे खाल्ले. नंतर कळलं, जागा गायरानाची. विकणाऱ्याची ती कधी नव्हतीच. पैसे गेले. कर्ज मात्र तिनं चार वर्षं फेडलं, एक हप्ता न चुकवता. त्या वहीची पानं आम्ही अजून जपून ठेवली आहेत.

तेव्हा जे ठाऊक नव्हतं ते आज सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या घरा-जागेची विक्री दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावीच लागते. बाँड पेपरनं, मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली तेच बजावलं. नमुना आठचा उतारा घरपट्टीसाठी असतो. तो पाहिजेच, पण एकटा तो मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. तुमच्या गावाची पत्रिका निघाली असेल तर तीही बघा. आणि शेतातला एखाद-दुसरा गुंठा कुणी देऊ लागलं तर तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो का, हे आधी तहसीलला विचारा, पैसे मग.

या वेळी आम्ही शहाण्या झालो होतो. विकणाऱ्याच्या घरपट्टीची थकबाकी पाहिली. त्याच्या दोन्ही भावांच्या आणि बहिणीच्या सह्या मागितल्या. तो म्हणाला, "बहिणीचं काय काम?" आमची अध्यक्ष म्हणाली, "बहिणीचंच तर काम आहे." बहीण आली, हिशेबानं तिचे पैसे घेतले आणि मग सही केली. तिच्या आयुष्यात माहेरच्या घराबद्दल तिला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

पैशाची जुळणी अशी. दोघांच्या साठवणीतले ४० हजार, शेळ्या विकून ३५, गटाच्या अंतर्गत कर्जाचे ३०, बँकेकडून गटामार्फत ५०, माहेरहून १५. एकूण १ लाख ७० हजार. घराला दीड लाख, कागदाला दहा हजार, आणि उरलेल्या दहात दोन पत्रे अन् मोरी. मुद्रांक शुल्कातही थोडं वाचलं: घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. हे ऐकल्यावर नवराच म्हणाला, "मग हिच्याच नावावर करा." सवलतीनं का होईना, नाव लागलं. लक्ष्मीमुक्तीच्या काळातल्या पुरुषांना तर सवलतही नव्हती, हे आम्ही त्याला हसत हसत सांगितलं.

एक गोष्ट आम्ही तिला बजावली, तुम्हालाही सांगतो. बाळंतपणाचे पैसे विटांत घालायचे नाहीत. तिनं बारा हजार पोस्टात वेगळे ठेवले आणि त्याला हात लावू दिला नाही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात, त्याची नोंद आशाताईकडून करून घेतली. पत्रा गळला तर पुढच्या साली बदलता येतो. बाळंतिणीला रक्त लागलं तर पुढच्या सालाची वाट पाहता येत नाही.

कर्ज कोण देणार होतं तिला, गट नसता तर? १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली, तेव्हा देशभरात पाचशे गटांचं लक्ष्य होतं. तारण काही नाही, एकमेकींचा भरवसा हेच तारण. त्या भरवशावर आपण आजवर शिलाई मशीन घेतली, शेळ्या घेतल्या, पोरांच्या फिया भरल्या. घर घेतलं ते पहिल्यांदाच. नवरा आता जालन्याला सळईच्या कारखान्यात हजेरीवर जातो. हप्ता जड आहे, हे झाकून ठेवत नाही. दोन महिने तो उशिरा आला, आणि दोन्ही वेळा आम्ही बैठकीत तिच्यासमोरच हिशेब मांडला, पाठीमागं बोललो नाही.

पौषात ती सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. सव्वा महिना माहेरची आईच लेकीच्या घरी येऊन राहिली. आजवर लेक माहेरी जायची, इथं माहेर लेकीकडं आलं. म्हातारी पहिल्या दिवशी उंबऱ्यावर थबकली अन् म्हणाली, "जावयाच्या घरी कसं राहू?" लेक आतून म्हणाली, "आई, घर माझं आहे. ये."

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावापुढं आपल्या राज्यात आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. या पोरीच्या दाखल्यावर आईचं नाव आहे आणि ती ज्या घरात वाढते त्या घराच्या खरेदीखतावरही तेच नाव आहे. आमच्या माहितीत गावात अशी ती पहिलीच.

मैत्रिणींनो, एक काम सांगतो. पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पैशासोबत तुमच्या घराचा उतारा घेऊन या. ग्रामपंचायतीत मागितला की मिळतो. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवायचा. नाव कुणाचं आहे ते बघू. आपलं नसेल तर अर्ज कसा लिहायचा, तेही त्याच बैठकीत बसून लिहू.