समुद्रतळाच्या गाळातून हिमयुग कसं कळतं?

फोनमधल्या प्रत्येक फोटोला तारीख असते. हिमयुगातल्या समुद्राचा फोटो नाही, पण नोंद आहे, तळाच्या गाळात. ती कशी वाचतात ते मी इथे थोडक्यात सांगतो.

गाळ कसा काढतात?
जहाजावरून लांब पोकळ नळी तळात घुसवून गाळाचा उभा नमुना, म्हणजे 'कोअर', वर आणतात. खोल समुद्रात १००० वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. जितकं खाली जाल, तितकं जुनं.

नोंद कुठे असते?
गाळात फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जिवांची चुन्याची कवचं असतात. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन-१६ जास्त सहज उडतो. हिमयुगात त्या वाफेचा बर्फ होऊन तो जमिनीवरच अडकला. मग समुद्रात, आणि कवचांतही, जड ऑक्सिजन-१८ चं प्रमाण वाढलं. थंड पाण्यानेही कवचात ते वाढतं, म्हणून तापमान कळायला मॅग्नेशियम-कॅल्शियमचं प्रमाण वेगळं मोजतात.

काय सापडलं?
१९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरवरून साडेचार लाख वर्षांची नोंद मांडली. तिच्यात साधारण १ लाख, ४२ हजार आणि २३ हजार वर्षांची चक्रं दिसली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाचं डोलणं यांच्या चक्रांशी ती जुळली.

"हवामान तर आधीपासूनच बदलतंय" असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. बदलतं, खरंय. पण ही चक्रं हजारो वर्षांची. आत्ताची तापमानवाढ शे-दीडशे वर्षांतली. म्हणून तो फॉरवर्ड मी पुढे पाठवत नाही.