कायद्यात नाव आहे, दवाखान्यात खुर्ची नाही : डेंटल हायजिनिस्टची गोष्ट

मागच्या महिन्यात कागलहून माझी भाची आली होती. बारावी सायन्स झाली, बीडीएसला नंबर लागला नाही. म्हणाली, "मामा, डेंटल हायजिनिस्टचा कोर्स करू काय? दोन वर्षांचा हाय. तिथं शिकवत्यात तरी काय?" मी पडलो इतिहासाचा माणूस. पण प्रश्नाच्या मागं लागलो आणि थेट माझ्या आजीच्या मशेरीपाशी पोचलो. आजचा भाग त्यावरच.

आजी रोज सकाळी चुलीपुढं बसायची. तव्यावर जाळलेली तंबाखू तळहातावर घ्यायची आणि बोटानं दातांवर घासत राहायची. मशेरीनं दात घट्ट राहतात, असं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. पन्नाशीत दात हलायला लागले, साठीला तोंडाचं बोळकं झालं. दोन-तीनदा ती दात काढायला दवाखान्यात गेली. दात निघाले, पण ते का गेले हे कुणी तिच्याजवळ बसून सांगितलं नाही. कारण ते काम नेमून दिलेलं माणूसच तिथं नव्हतं.

असं माणूस तयार करायची पहिली शाळा निघाली अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी. डॉ. आल्फ्रेड फोन्स हे तिथले दंतवैद्य. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती: किडलेला दात भरत बसण्यापेक्षा तो किडू न देणं सोपं. 1906 साली त्यांनी आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात साफ करायला शिकवलं. ही त्यांची नात्यातली बहीणच. 1913 च्या नोव्हेंबरात दवाखान्याच्या आवारातल्या गाडीखान्यात वर्ग सुरू झाला. 1914 साली 27 बायका पास होऊन बाहेर पडल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी गावातल्या शाळांमध्ये कामाला लागल्या. पोरांचे दात साफ करायचे आणि ब्रश कसा धरायचा तेही शिकवायचं. 1917 साली न्यूमनबाईंना या कामाचं पहिलं लायसन्स मिळालं.

आता आपल्याकडं या. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा, मार्च 1948 मध्ये, आपला दंतवैद्य कायदा आला. त्यात दंतवैद्याबरोबर डेंटल हायजिनिस्टचीही व्याख्या आहे. दातांवरचं कीटण काढणारा, दात स्वच्छ करणारा, किंवा दातांची निगा कशी राखावी हे शिकवणारा. शिकवणं हे कायद्यानंच कामात धरलंय, हे लक्षात घ्या. त्यांची वेगळी नोंदवहीसुद्धा कायद्यात आहे. 2023 साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. म्हणजे पंचाहत्तर वर्षं हे नाव कागदावर आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी हायजिनिस्टकडून दात साफ करून घेतलेत? मी तरी नाही.

कारण सरळ आहे. आपल्याकडचा दवाखाना बहुतेक एका खुर्चीचा. डॉक्टर स्वतःच स्केलिंग करतात, आणि नव्या डॉक्टरला तर त्या कमाईचाच आधार असतो. मग पगार देऊन दुसरं माणूस कोण ठेवणार?

भाचीला मी आधी कोर्सचं सांगितलं. दातांची रचना, हिरड्यांचे आजार, हत्यारं निर्जंतुक करणं, हे सगळं आलंच. सुरुवातीला हात बसवायचा तो नकली डोक्यातल्या प्लास्टिकच्या दातांवर. स्केलर पेनासारखा धरायचा आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची, म्हणजे हत्यार घसरत नाही. वरचे दात बघायचे ते आरशात, आणि आरशात सगळं उलटं. पहिले काही आठवडे हात एकीकडं, डोळा दुसरीकडं. पाठ आणि मान धरते ती वेगळीच.

आणि खरी परीक्षा पेशंटपुढं. "दात साफ केल्यावर हलत्यात म्हणं", हे वाक्य रोज ऐकायचं. कीटणामुळं हिरडी आधीच सुटलेली असते, ते काढल्यावर फट उघडी पडते एवढंच, हे न चिडता सांगता आलं पाहिजे. मशेरी लावणाऱ्या बाईला न दुखावता मशेरी सोडायला सांगणं, हे तर सगळ्यात अवघड.

मग दुसरी बाजूही सांगितली. स्वतःचा दवाखाना काढता येत नाही, काम दंतवैद्याच्या देखरेखीखालीच. रेल्वे, लष्कर, एम्स यांच्याकडं हे पद असतं, पण जागा थोड्या. आपल्या डिप्लोमावर अमेरिकेत थेट लायसन्स मिळत नाही. म्हणून फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या: कोर्सला दंत नियामक संस्थेची मान्यता आहे का, हात बसायला रोज पेशंट किती मिळतात, आणि मागच्या बॅचमधल्या पोरी आज कुठं कामाला आहेत. तिसऱ्याचं उत्तर गोलगोल आलं तर उठून यायचं.

बोलता बोलता मला आनंदीबाई जोशी आठवल्या. 1886 साली कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. पण फेब्रुवारी 1887 मध्येच त्या गेल्या. तेव्हा या गावात जागा तयार होती, माणूस राहिलं नाही. हायजिनिस्टचं बरोब्बर उलटं झालंय. माणसं शिकायला तयार आहेत, जागाच नाही. ब्रिजपोर्टात ती जागा शाळांनी दिली. आपल्या नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनाही देता येईल की!

भाची अजून ठरवतेय. दोन कॉलेजांत फोन करून झालेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तिसऱ्याला "बघून सांगतो" म्हणालेत. ऐकणाऱ्यांत कुणी हायजिनिस्ट असेल तर जरूर लिहा. तुमचं उत्तर मी तिला वाचून दाखवीन. भेटू पुढच्या भागात.