गृहीत संमती (अवयवदान)

हयातीत नकार नोंदवला नसेल, तर मृत्यूनंतर अवयव काढण्यास त्या व्यक्तीची संमती होती असे कायद्याने धरून चालण्याची पद्धत. स्पेनमध्ये १९७९ पासून, वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये मे २०२० पासून असे कायदे आहेत. जर्मन संसदेने जानेवारी २०२० मध्ये ही पद्धत फेटाळली.

समर्थकांचे म्हणणे साधे आहे : अवयवदान पटलेले पुष्कळ लोक अर्ज भरायचा राहून गेल्यामुळे दाते होत नाहीत आणि त्या आळसाची किंमत प्रतीक्षायादीतला रुग्ण मोजतो. हा युक्तिवाद वजनदार आहे. मात्र मौनाला संमती म्हणायचे, तर तो प्रश्न माणसापर्यंत पोचलेला हवा, त्याला समजलेला हवा आणि नकार देणे त्याला सहज शक्य हवे. या तिन्ही अटी पाळल्या नाहीत, तर दानाचे नुसते नाव उरते आणि प्रत्यक्षात सरकार मृतदेहावर हक्क सांगते.

ब्राझीलमध्ये नेमके हेच झाले. तेथे १९९७ च्या कायद्यानुसार नकार असलेल्याने ओळखपत्रावर किंवा वाहन परवान्यावर तशी नोंद करून घ्यायची होती. ज्या गरिबांकडे कुठलेच कागद नव्हते, त्यांनी नकार नोंदवायचा कशावर? भीती पसरली, लोक नकार नोंदवायला धावले, डॉक्टरही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव काढायला धजेनात. १९९८ मध्ये ही तरतूद मागे घेतली गेली.

स्पेनचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धवट. कायदा झाल्यावर दहा वर्षांनीही तेथे दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १४ दाते होते. १९८९ मध्ये राफाएल मातेसान्स यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिली, रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले आणि पुढे हा आकडा ४० च्या वर गेला. समन्वयक बहुधा अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर असतो. मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाची छाती व्हेंटिलेटरमुळे वरखाली होत असते, हात ऊबदार लागतो; तरीही माणूस गेला आहे, हे घरच्यांच्या मनात उतरेपर्यंत समन्वयक थांबतो आणि मगच अवयवदानाचा विषय काढतो. कायद्याने संमती गृहीत असूनही कुटुंबाला विचारले जाते आणि त्याचा नकार मानला जातो.

भारतातील १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांवरून संसदेने संमत केला. मेंदूमृत्यू झालेल्याचे अवयव घेण्यासाठी नातेवाइकांची संमती लागते. डोनर कार्ड भरलेले असले तरी रुग्णालये त्यांना विचारतातच. मात्र याच कायद्याच्या पाचव्या कलमात अपवाद आहे : रुग्णालयात किंवा तुरुंगात मृत्यूनंतर ४८ तासांत जवळच्या कोणत्याही नातेवाइकाने ताब्यात न घेतलेल्या देहातील अवयव काढण्याची परवानगी तेथील प्रमुख देऊ शकतो. रक्ताभिसरण थांबलेल्या देहात हृदय, यकृत, मूत्रपिंडे इतका वेळ टिकत नाहीत, त्यामुळे प्रत्यारोपणासाठी कलमाचा उपयोग जवळजवळ नाहीच. पण ज्यांना ना कोणी काही विचारले, ना ज्यांच्या वतीने बोलायला कोणी आहे, त्या बेवारस आणि कैद्यांपुरतीच संमती गृहीत धरणे अन्यायाचे आहे. गृहीत संमतीची चर्चा भारतात करायची असेल, तर आधी हे कलम रद्द झाले पाहिजे.